वाचकांचे प्रश्न : निवृत्त अधिसेविकेचे आयुष्य कसे लिहावे?

प्रश्न : माझी मावशी मूळची यावल तालुक्यातली. १९७२ साली ती नर्सिंगच्या प्रशिक्षणाला गेली. पुढे अक्कलकुव्याकडे आणि नंतर जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरी करून २०११ साली अधिसेविका (मेट्रन, म्हणजे रुग्णालयातल्या परिचारिकांची प्रमुख) म्हणून निवृत्त झाली. गेल्या श्रावणात ती गेली. वर्षश्राद्धाला तिच्यावर छोटी पुस्तिका काढावी असे आम्हा भाचरांच्या मनात आहे. पण ज्याला विचारावे तो “फार प्रेमळ होती, शिस्तीची होती” एवढेच सांगतो. ती स्वतः नोकरीबद्दल घरात फारसे बोलत नसे. नोंदणी प्रमाणपत्र, निरोप समारंभाचे कात्रण आणि काही फोटो एवढेच हाती आहे. लिहायचे कसे?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : तुमच्या मावशी प्रेमळ आणि शिस्तीच्या होत्या हे खरेच असेल, परंतु हे शब्द कोणाच्याही श्रद्धांजलीत बसतात. त्यांनी काय केले, हे शोधायला हवे. परिचारिका रुग्णाच्या उशाशी उभी असते म्हणून तिचे काम नातेवाइकांना दिसते. अधिसेविकेचे काम मात्र रात्री अडीच वाजताही प्रत्येक वॉर्डात कोणीतरी जागे, शिकलेले आणि हाताशी औषधे असलेले माणूस असेल, याची तजवीज करण्याचे असते, आणि ती नीट झाली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे आणि शिक्षण-रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयात ज्याने नातेवाईक म्हणून एखादी रात्र काढली आहे, त्याला हे प्रमाण प्रत्यक्षात किती दूर असते ते सांगायला नको. जेवढ्या जणी हाताशी आहेत तेवढ्यांतच कोणाची प्रसूती रजा, कोणाच्या मुलाचा ताप, कोणाची तालुक्याच्या शिबिराला पाठवणी हे सांभाळून महिन्याची ड्यूटी लिस्ट लावायची, हे माझ्या मते त्या पदाचे सर्वांत अवघड काम होय. तुमच्या पुस्तिकेचा गाभा तिथेच सापडेल.

कागदांची सुरुवात सेवापुस्तकापासून करा. अनेक कर्मचारी त्याची दुय्यम प्रत घरी जपून ठेवतात. ट्रंकेत किंवा पेन्शनच्या फाइलीत ती मिळण्याचा संभव आहे. त्यात प्रत्येक बदली, बढती, दीर्घ रजा आणि प्रशिक्षण तारखेनिशी नोंदलेले असते. परिचारिका, मग वॉर्डाची प्रमुख असलेली परिसेविका, मग सहायक अधिसेविका आणि शेवटी अधिसेविका असा त्यांचा प्रवास त्या नोंदींवरून तुम्हाला लावता येईल. एक गोष्ट ध्यानात ठेवा. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला, त्यामुळे अक्कलकुव्याच्या जुन्या नोंदी ‘जिल्हा धुळे’ म्हणून दिसतील. नोंदणी प्रमाणपत्रावरचा दिनांकही महत्त्वाचा आहे, कारण त्यांनी पात्र परिचारिका म्हणून स्वतःच्या नावाने काम कधी सुरू केले ते त्यावरून ठरते.

या तारखांच्या शेजारी काळ मांडला की आयुष्याला उठाव येतो. देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानुसार देशात जेमतेम ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे साधारण ४३,००० लोकांमागे एक. त्यानंतर पाव शतकाने तुमच्या मावशी घराबाहेर पडल्या, तेव्हाही रात्रपाळी करणारी आणि परक्या पुरुषाच्या जखमा धुणारी मुलगी लग्नाच्या बाजारात मागे पडेल ही भीती घरोघरी होती. त्यांना कोणी अडवले आणि कोण पाठीशी उभे राहिले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आताच विचारून घ्या. हे सांगणारी माणसे फार काळ राहत नाहीत. त्यांचे प्रशिक्षण संपत आले असेल त्या सुमारास, मे १९७५ मध्ये, देवीचा भारतातला शेवटचा रुग्ण आढळला. १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण सुरू झाले आणि काचेच्या सिरिंजा उकळून, लसीचा डबा बर्फात जपत पाड्यापाड्यांवर जाणे हा सातपुड्यातल्या आरोग्यसेविकांचा नित्यक्रम झाला. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला, आणि त्याच वर्षी मावशी निवृत्त झाल्या. हे सगळे त्यांनी एकट्यांनी केले असे मुळीच लिहू नका, पण या काळात त्या कुठे उभ्या होत्या ते अवश्य लिहा.

माणसांना विचारताना डॉक्टरांपाशी थांबू नका. आयाबाई, वॉर्डबॉय, स्वयंपाकघरातली माणसे, धोबी आणि विशेषतः त्यांच्या हाताखाली शिकलेल्या विद्यार्थिनी यांना गाठा. “त्या कशा होत्या?” असे विचारले की पुन्हा तेच उत्तर मिळेल. त्याऐवजी “रात्रपाळीला किती जणी असत?”, “सकाळी त्या ओव्हर (रात्रपाळीकडून रुग्णांचा ताबा) कसा घेत?”, “औषध संपले तर काय करत?”, “चूक झाली तर सर्वांसमोर बोलत की खोलीत बोलावून?” असे विचारा. बोलणारा अहिराणीत बोलला तर ते वाक्य अहिराणीतच ठेवा. रडणाऱ्या बाळंतिणीला त्या “घाबरू नको माय, मी शे ना” म्हणत असतील, तर त्याचे पुस्तकी मराठी केल्याने मावशी त्यातून निघून जातील.

प्रश्न : आमच्या निवृत्त मेट्रन नुकत्याच गेल्या. स्मरणलेख लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्या फार कडक होत्या आणि काही जणींच्या मनात अजून सल आहे. हे लिहावे की टाळावे?
— एक परिचारिका, शहादा

उत्तर : लिहावे, मात्र कारणासह. मी स्वतः पाठ्यनिर्देशिका म्हणून मुलींना शिकवले आहे, त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा आहे. आमच्या मेट्रन राउंडला आल्या की कागद बघण्याआधी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीखाली हात घालत. चादर ओली आहे का, सुरकुती रुतली आहे का, कुस दर दोन तासांनी बदलली आहे का, हे त्यांना त्या हातालाच कळे. आणि माकडहाडापाशी कातडी लाल दिसली की त्या पाळीच्या सिस्टरची धडगत नसे. तेव्हा आम्हाला तो छळ वाटे. परंतु शय्याव्रण (पडून राहिल्याने होणारी जखम) एकदा चिघळले की ते हाडापर्यंत जाते आणि गरीब घरातला कमावता माणूस महिनोन्‌महिने उठत नाही, हे पुढे डोळ्यांनी पाहिले. असा एखादा प्रसंग लिहिलात तर कडकपणाचा अर्थ वाचकाला कळेल. जिथे त्यांचा राग अवाजवी होता, तिथे “काही सहकाऱ्यांना त्यांचे बोलणे लागले” असे एक सरळ वाक्य पुरे. जी दुखावली गेली तिला छापण्याआधी ते वाचून दाखवा, आणि तिने काही जोडायला सांगितले तर जोडा.

प्रश्न : सासूबाई परिचारिका होत्या. त्यांनी वाचवलेल्या रुग्णांची नावे आणि जुने वॉर्डातले फोटो छापले तर चालेल का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : नावे छापू नका. प्रसूती, गर्भपात, क्षयरोग, एचआयव्ही यांपैकी कोणतीही गोष्ट गावात अजूनही माणसाचे आयुष्य अवघड करू शकते, आणि रुग्णाचे गुपित राखणे हा सासूबाईंच्या पेशाचाच नियम होता. गाव, वर्ष आणि आजार ओळख पटणार नाही इतपत सैल ठेवून प्रसंग सांगता येतो. एखादा रुग्ण स्वतःहून नाव द्यायला तयार असेल तर त्याची लेखी संमती घ्या. फोटोंत रुग्णाचा चेहरा असेल तर तो भाग कापून घ्या; सहकारी दिसत असतील तर मात्र डावीकडून उजवीकडे सर्वांची नावे आणि पदे लिहा, आयाबाईंचीसुद्धा.