गळ्याला मेणबत्त्या का लावतात?

प्रिय बाळा,

३ फेब्रुवारीचा बिशप संत ब्लेझचा सण आला की आजी आंबोलीहून फोन करते आणि पहिलं विचारते, "गळ्याला आशीर्वाद घेतला का?" ही मराठी रीत आहे का आणि तो बिशप कोण, असं तू विचारलंस. रीत मूळची आपली नव्हे. संत आर्मेनियाकडचा, मेणबत्त्यांची चाल युरोपातली, आणि त्याची भक्ती आपल्या किनाऱ्यावर रुजली ती पोर्तुगीज काळात. अंधेरीजवळच्या आंबोलीचं चर्च त्याच्याच नावाचं आहे, म्हणून आजीला हा दिवस घरचा वाटतो. आपण संत ब्लेझ म्हणतो, पोर्तुगिजांत त्याचं नाव ब्रास. गोव्यात कुंभारजुव्याजवळ गवंडाळीलाही त्याचं जुनं चर्च आहे.

ब्लेझ हे सेबास्तेचे बिशप. आज त्या गावाला सिवास म्हणतात, ते तुर्कस्तानात आहे. सम्राट लिसिनियसच्या छळात, इ. स. ३१६ च्या सुमारास त्यांना मारलं, असं परंपरा सांगते. त्याच गावी चारेक वर्षांनी चाळीस ख्रिस्ती सैनिकांना बर्फाळ तळ्यात उभं करून मारलं. त्यामुळे तिथे श्रद्धेपायी जीव जाणं ही तेव्हा खरीखुरी गोष्ट होती, हे लक्षात ठेव. ब्लेझच्या चरित्राचा बाकीचा तपशील मात्र त्यांच्यानंतर काही शतकांनी लिहिला गेला. तो इतिहास म्हणून वाचू नकोस, पण टाकूनही देऊ नकोस, कारण आजच्या रीतीची प्रत्येक खूण त्यातूनच आली आहे.

ती कथा अशी. ब्लेझ आधी वैद्य होते. छळ सुरू झाल्यावर ते डोंगरातल्या गुहेत राहिले आणि जखमी जनावरं त्यांच्यापाशी येऊ लागली. शिकाऱ्यांनी त्यांना पकडलं. वाटेत एका बाईचा मुलगा माशाचा काटा अडकून गुदमरत होता, त्यांनी प्रार्थना केली आणि तो वाचला. दुसऱ्या एका गरीब बाईचं डुक्कर लांडग्याने पळवलं होतं, ते त्यांच्या शब्दाखातर परत मिळालं. ती बाई मग अंधारकोठडीत जेवण आणि मेणबत्त्या घेऊन गेली. गळ्याला लागणाऱ्या मेणबत्त्या म्हणजे त्या बाईने नेलेल्या मेणबत्त्यांची आठवण. शेवटी सुभेदार अग्रिकोलाने लोकर विंचरायच्या लोखंडी फण्यांनी त्यांचं अंग फाडलं आणि शिरच्छेद केला.

ती फणी तुला इथे इंग्लंडात, आपल्या ब्रॅडफर्डमध्येच भेटेल. वूल एक्स्चेंजच्या, म्हणजे लोकरीच्या जुन्या बाजाराच्या दाराशी ज्या बिशपचा पुतळा आहे, ते हेच ब्लेझ. लोकर विंचरणाऱ्यांनी त्यांना आपला संत मानलं, कारण ज्या फणीने त्यांचा छळ झाला तीच ह्यांच्या हातात दिवसभर असायची. दातेरी फणी तापवून लोकर ओढली की लांब तंतू वेगळे होतात, आणि उंची कापडाला तेच लागतात. १८२५ साली ह्या गावात बिशप ब्लेझच्या नावाने लोकरवाल्यांची मोठी मिरवणूक निघाली होती.

आता आशीर्वादाबद्दल. आदल्या दिवशी, २ फेब्रुवारीला, बाळ येशूला मंदिरात नेल्याचा सण असतो आणि त्या दिवशी चर्चमधल्या मेणबत्त्या आशीर्वादित करतात. त्यांतल्याच दोन सारख्या, लांब, बारीक मेणबत्त्या घेऊन फुलीसारख्या ठेवतात आणि लाल फितीने बांधतात. लाल रंग रक्तसाक्षीचा, म्हणजे श्रद्धेसाठी जीव दिलेल्याचा, म्हणून फादरांचा झगाही त्या दिवशी लाल. गाठ मध्याच्या जरा खाली मारावी, म्हणजे वरच्या खाचेत हनुवटीखालचा गळा नीट बसतो. फीत करकचून आवळली तर फुली उघडत नाही आणि मेणबत्ती मोडते. सैल राहिली तर हातात फिरते. मेणबत्त्या पेटवू नयेत. पूर्वी कुठे कुठे पेटवत, पण केस आणि कॉलर ह्यांच्याइतक्या जवळ ज्योत नको, आणि गरम मेण मानेवर ठिबकतं ते वेगळंच.

रांगेत तुझा नंबर येण्याआधी मफलर काढ, कोटाचं वरचं बटण उघड. हनुवटी थोडी वर. फादर मेणबत्त्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना नुसत्या टेकवतात आणि म्हणतात: बिशप व रक्तसाक्षी संत ब्लेझ ह्यांच्या मध्यस्थीने परमेश्वर तुला घशाच्या व इतर सर्व आजारांपासून मुक्त ठेवो, पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने. मग हात वर करून क्रूसाची खूण करतात. तू "आमेन" म्हण, झालं. गर्दी फार असली तर सगळ्यांवर हात पसरून एकदाच प्रार्थना म्हणतात, तोही आशीर्वाद पुरा असतो. हा बाप्तिस्म्यासारखा संस्कार नव्हे, त्यामुळे तुझी हिंदू मैत्रीण बरोबर आली तर तीही रांगेत उभी राहू शकते.

आपल्या भाषेत गळा बाहेरचा आणि घसा आतला. मेणबत्ती गळ्याला लागते, मागणं घशासाठी असतं. आजीला हा फरक न सांगता कळतो.

घशाचा आणि ब्लेझचा संबंध किती जुना, ते बघ. सहाव्या शतकातला अमिदाचा वैद्य एटियस आपल्या वैद्यकाच्या ग्रंथात घशात अडकलेल्या काट्याबद्दल लिहितो. तिथे तो सांगतो की रोग्याचा गळा धरून काट्याला म्हणावं, रक्तसाक्षी ब्लेझची आज्ञा आहे, वर ये नाहीतर खाली जा. उपचार आणि प्रार्थना एकाच पानावर! मला ही गोष्ट फार आवडते, कारण ब्लेझ स्वतः वैद्य होते असं मानणाऱ्यांना दोन्हींत भांडण दिसत नाही.

म्हणून काट्याचंही इथेच सांगते. भिंग माशाला बारीक, दुफाट्याचे काटे भरपूर, तेव्हा भिंग बोटांनी चाचपून खायचं आणि खाताना बोलायचं नाही. काटा रुतला की आपल्याकडे सुका भाताचा गोळा किंवा केळं गिळायला सांगतात. ते करू नकोस, काटा आणखी खोल जातो. बहुतेक वेळा तो टॉन्सिलपाशी असतो आणि डॉक्टर चिमट्याने काढतात. कधी काटा निघून गेलेला असतो, नुसता ओरखडा टोचत राहतो. थुंकी गिळता येत नसेल, रक्त येत असेल किंवा छातीत दुखत असेल तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. आणि कुणी गुदमरून बोलूच शकत नसेल, खोकताही येत नसेल, तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध पाच जोरदार थापा. नाही निघालं तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर मूठ ठेवून पाच वेळा आत-वर झटका, आणि इथल्या रुग्णवाहिकेच्या ९९९ नंबरला फोन. एक वर्षाखालच्या बाळाला पोटावर झटका द्यायचा नाही.

इथल्या चर्चमध्ये ३ तारखेच्या मिस्सानंतर आशीर्वाद आहे. घेतलास की आजीला फोन कर, ती वाट बघत असते.

तुझी,
आई