वडिलांना जिभेच्या कॅन्सरसाठी रेडिएशन चालू आहे, जेवण जात नाही, वजन उतरतंय. काय द्यावं आणि कशावर लक्ष ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या रेडिएशनचा तिसरा आठवडा संपत आलाय, सोबत दर आठवड्याला किमो आहे, पेज आणि चहावर दिवस निघतोय, आणि घरातली मोठी माणसं दूध, साखर, अंडी बंद करा म्हणून मागे लागली आहेत. मी डॉक्टर नाही. पण इथेच सोलापुरात आईच्या वेळी मी याच सगळ्यातून गेले आहे. तिला गालाचा कॅन्सर होता. ऑपरेशन झालं आणि नंतर तीस लाईट. आमच्या गल्लीत रेडिएशनला सगळे लाईटच म्हणायचे.

आधी एक करा. आज त्यांचं वजन करा आणि उपचार सुरू झाले त्या दिवशीच्या वजनाशी ताडून बघा.

आमचं चुकलं ते इथेच. आई बारीक होतेय हे दिसत होतं. हात वर केला की बांगड्या घसरून कोपराशी यायच्या, ब्लाउजला मी दोन्हीकडून टाचण्या लावून दिल्या होत्या. पण कॅन्सरमध्ये माणूस वाळतोच, असं धरून आम्ही गप्प होतो. दवाखान्यात केसपेपरवर पहिल्या दिवशीचं 52 किलो हेच वजन दर आठवड्याला पुढे उतरवलं जात होतं. तिला काट्यावर पुन्हा कुणी उभं केलं नाही, आणि मीही विचारलं नाही. लक्षात आलं ते सोळाव्या लाईटला. डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा आवळतात, तुम्ही पाहिला असेल. टेक्निशियनने मला आत बोलावून दाखवलं, मुखवटा आणि गाल यांच्या मधून त्याचं बोट सहज आत-बाहेर होत होतं. तो म्हणाला, मुखवटा सैल झाला की किरण ठरल्या जागीच पडतील याची खात्री राहत नाही, नव्याने माप घेऊन सगळं प्लॅनिंग पुन्हा करावं लागू शकतं. त्या संध्याकाळी आईला गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत नेलं आणि ज्वारी तोलायच्या काट्यावर उभं केलं. 48 किलो 600 ग्रॅम. तीन आठवड्यांत साडेसहा टक्के वजन गेलं होतं. सहा महिन्यांत पाच टक्के उतरलं तरी डॉक्टर ते गंभीर धरतात.

म्हणून वजन दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, एकाच काट्यावर, सकाळी काही खायच्या आधी आणि साध्या कपड्यांत करा. वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. एका आठवड्यात किलोभर जरी कमी दिसलं, तरी पुढच्या तारखेची वाट न बघता कळवा. लाईट संपले की खातील, हा भरवसा धरू नका. शेवटच्या लाईटनंतरही तोंडातले फोड दोनचार आठवडे किंवा त्याहून जास्त दिवस त्रास देतात.

आता किती द्यायचं ते. आम्हाला आहारतज्ज्ञ बाईंनी हिशोब शिकवला. दर किलो वजनामागे दिवसाला 25 ते 30 कॅलरी, आणि प्रथिनं किलोमागे किमान 1 ग्रॅम, जमलं तर दीडपर्यंत. आईसाठी हे साधारण 1250 ते 1500 कॅलरी आणि 50 ते 75 ग्रॅम प्रथिनं होत होतं. प्रत्यक्षात दिवसभराचा चहा, पेज, डाळीचं पाणी सगळं मोजलं तर 700 कॅलरीसुद्धा भरत नव्हत्या. पोट भरल्यासारखं व्हायचं, पण ते पाण्याने. पेज वाईट नाही, पण वाटीभर पातळ पेजेत बहुतेक पाणीच असतं. वडिलांना मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल तर हे आकडे बदलतात, म्हणून ते तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

मग आम्ही असं केलं की जे काही पोटात जाईल, ते घट्ट आणि जड असलं पाहिजे. ज्वारीच्या कण्या पाण्यात न शिजवता दुधात शिजवायच्या, मऊ घोटून वर चमचाभर तूप. दुधात दोन मोठे चमचे दुधाची पावडर मिसळली की पेल्यामागे चारपाच ग्रॅम प्रथिनं वाढतात. मुगाची डाळ गाळून पाणी द्यायचं नाही, डाळच मिक्सरमधून काढायची. अंडं पूर्ण उकडून सूपमध्ये वाटलं तर कळतही नाही आणि 6 ग्रॅम प्रथिनं मिळतात. कच्चं किंवा अर्धकच्चं मात्र नको, किमोमध्ये रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात आणि इन्फेक्शन पटकन होतं. आणि शेंगदाणे! 100 ग्रॅममध्ये 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. आई सोलापूरची, तिला शेंगा चटणीशिवाय घास जायचा नाही. एकदा हट्टाने तिने बोटाच्या टोकाएवढी चटणी जिभेवर ठेवली आणि डोळ्यांतून धारा लागल्या. दुसऱ्या दिवशी मी भाजलेले दाणे जिरं आणि मिठाबरोबर, मिरची न घालता, अगदी लोण्यासारखे होईपर्यंत वाटले आणि गोड ताज्या दह्यात कालवले. ते तिने चाटून खाल्लं. दही आंबट असेल तर झोंबतं, तेवढं बघा.

जेवण दोनदा नको, दर दोन तासांनी थोडं थोडं द्या. आणि दुखणं हाच खरा अडथळा असतो. डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक जेवणाच्या अर्धा तास आधी द्यायचं का, तोंड बधिर करणारं औषध मिळेल का, हे विचाराच. एक लिटर कोमट पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा घालून दिवसातून चारसहा वेळा गुळण्या करायला लावा. बाजारातलं अल्कोहोल असलेलं माउथवॉश नको. जिभेवर पांढरा थर दिसला तर ती बुरशी असू शकते, तिच्यावर औषध आहे.

साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो, असा काही पुरावा नाही. उपाशी राहतात ते वडील. माझ्या आत्याने आईचं दूध बंद करायला लावलं होतं, काळजीपोटीच. पण त्या आठ दिवसांत जे वजन गेलं ते परत आणायला आम्हाला दोन महिने लागले. गुळवेलीचा काढा वगैरे कुणी आणून दिलं तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय देऊ नका. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि किमो चालू असताना यकृतावर आणखी भार नको.

नळीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मी सांगते, कारण बहुतेक तो विषय निघेल. नाकातून पोटात रायल्स ट्यूब घालायची म्हटल्यावर आमच्या घरात रडारड झाली होती. नळी लागली म्हणजे संपलं, असं शेजारीपाजारी म्हणत होते. आईला ती पाच आठवडे होती. नळी काढली त्याला आज तीन वर्षं झाली, आणि ती भाकरी कुस्करून खाते. नळीमुळेच तिचा एकही लाईट चुकला नाही. गाळलेलं पातळ अन्न 200 ते 250 मिली, दर दोन-तीन तासांनी, सिरिंज वर धरून हळूहळू सोडायचं, ढकलायचं नाही. आधी आणि नंतर थोडं पाणी सोडायचं म्हणजे नळी तुंबत नाही. त्यांना बसवून द्यायचं आणि नंतरही तासभर आडवं होऊ द्यायचं नाही. नाकाशी नळीवर जी खूण असते ती सरकलेली दिसली किंवा ठसका लागला, तर काहीही न देता दवाखाना गाठा. नळी असली तरी गिळता येत असेल आणि डॉक्टरांची परवानगी असेल, तर घोट घोट पाणी चालू ठेवा. गिळायची सवय मोडली तर पुढे फार जड जातं.

त्यांना चारपाच दिवस जवळजवळ काहीच गेलं नसेल, तर एकदम भरपूर देऊ नका. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम अचानक खाली येऊन धोका होतो, डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळू वाढवतात. किमो सिस्प्लॅटिन नावाच्या औषधाची असेल तर पाणी कमी पडता कामा नये, किडनीवर परिणाम होतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर लघवीचा रंग रोज बघा. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि मॅग्नेशियमचे रिपोर्ट विचारून घ्या. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, कमी आलं म्हणून एकट्या खाण्याला दोष देऊ नका, अंगात सूज किंवा इन्फेक्शन असलं तरी ते उतरतं. ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला, तर रात्र असली तरी निघा.

उपचार सोलापुरात चालू आहेत की बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलमध्ये, ते तुम्ही लिहिलं नाहीत. कुठेही असोत, आहारतज्ज्ञांची भेट स्वतःहून मागून घ्या, कुणी पाठवेल म्हणून थांबू नका. उद्या जाताना आजचं वजन, पहिल्या दिवशीचं वजन आणि कालच्या दिवसात तोंडात गेलेलं सगळं, चहाच्या कपासकट, एका कागदावर लिहून न्या.