ग्रहण आणि चळवळ

प्रश्न : निसर्गाप्रमाणे समाजाचेही नियम माणसाच्या इच्छेवर अवलंबून नसतात, असे कार्ल मार्क्स यांचा भौतिकवाद, म्हणजे विचारांपेक्षा भौतिक परिस्थितीला मूलभूत मानणारा सिद्धांत, सांगतो. तसे असेल तर समाज बदलण्यासाठी चळवळी कशाला हव्यात? हा दैववादच नव्हे काय?

उत्तर : हा आक्षेप जुना आहे. जर्मन विधितत्त्वज्ञ रुडॉल्फ श्टामलर यांनी १८९६ मध्ये तो सविस्तर मांडला होता, आणि चंद्रग्रहण घडवून आणण्यासाठी कोणी पक्ष काढत नाही, हा दाखला त्या वादात गाजला. त्यावर रशियन मार्क्सवादी विचारवंत प्लेखानोव्ह यांनी १८९८ मध्ये दिलेले उत्तर मला आजही पटते : ग्रहण ज्या कारणांनी घडते त्यांत माणसाच्या कृतीचा समावेश नाही, समाजातील स्थित्यंतर ज्या कारणांनी घडते त्यांत मात्र ती कृती हाच एक आवश्यक दुवा असतो. तो दुवा काढून टाकून ‘होणारे ते होईलच’ असे म्हणणे म्हणजे नियमाचा अर्धा भाग पुसून टाकणे होय.

तरीही हे नियम वस्तुनिष्ठ कसे? एखादा कारखानदार नवे यंत्र बसवून उत्पादनखर्च उतरवतो आणि काही काळ जादा नफा कमावतो. स्पर्धेत टिकण्यासाठी इतरांनाही तेच करावे लागते, मालाची किंमत उतरते आणि पहिल्याचा जादा नफा नाहीसा होतो. प्रत्येकाने विचारपूर्वक पाऊल उचलले, पण शेवटची परिस्थिती कोणालाच नको होती. मार्क्स यांचे सहकारी एंगल्स यांनी १८९०च्या एका पत्रात इतिहासाचे वर्णन असेच केले आहे : असंख्य इच्छा एकमेकींवर आदळतात आणि त्यांतून कोणाच्याही मनात नसलेले फलित निघते.

गैरसमजाला काही अंशी मार्क्स यांची भाषाही कारणीभूत आहे, असे माझे मत आहे. १८६७च्या ‘भांडवल’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत ते ‘पोलादी अनिवार्यते’बद्दल लिहितात, मात्र त्याच प्रस्तावनेत, समाजाला विकासाचे टप्पे ओलांडता आले नाहीत तरी नव्या टप्प्याच्या प्रसववेदना कमी करता येतात, असेही बजावतात. शिवाय हे नियम ऐतिहासिक, म्हणजे विशिष्ट समाजव्यवस्थेपुरते, आहेत. गुरुत्वाकर्षण माणसापूर्वीही होते. नफ्याचा दर, म्हणजे गुंतवलेल्या भांडवलाच्या तुलनेत मिळणारा नफा, घसरण्याची मार्क्स यांनी सांगितलेली प्रवृत्ती भांडवली उत्पादनाबाहेर नाही, आणि तिथेही तिला अडवणारी कारणे मार्क्स यांनीच नोंदवली आहेत.

एक भेद मात्र उरतोच. ग्रहणाचे भाकीत ऐकून चंद्र आपली वाट बदलत नाही. बँक बुडणार असे ऐकून ठेवीदार रांगा लावतात, आणि एरवी तगली असती अशी बँकही त्यामुळे बुडू शकते.