तबलीसाठी स्प्रूस निवडताना: वाक मोजा, पण वजनकाटाही काढा

प्रश्न असा आहे: गिटारच्या तबलीसाठी (वरच्या, आवाज देणाऱ्या फळीसाठी) स्प्रूस या लाकडाच्या फळ्यांच्या दोन जोड्या घरी आल्यात, दोन्हींवर 'ट्रिपल ए' हा दर्जा लिहिलाय, टकटक करून फरक कळत नाही. ताठपणा मोजायचा कसा आणि ठेवायची कोणती?

'ट्रिपल ए' विसरा. ती अक्षरं रंग आणि रेषा बघून देतात.

दोन गोल सळ्या ५० सेंमी अंतरावर ठेवा आणि त्यांवर फळी अशी टाका की लाकडाच्या रेषा सळ्यांना काटकोनात येतील. मधोमध रुंदीभर लोखंडी पट्टी ठेवा, डायल गेज (मिलिमीटरचे बारीक अंश दाखवणारं काट्याचं मापयंत्र) शून्यावर आणा, मग पट्टीवर १ किलोचं माप चढवा. फळी उलटून पुन्हा मोजा, सरासरी घ्या. २० सेंमी रुंद, ४ मिमी जाड फळी २ मिमी वाकली तर ताठपणा साधारण १२ गिगापास्कल (ताठपणा मोजायचं एकक). स्प्रूससाठी उत्तम.

घोळ होतो तो जाडीत. हिशेबात जाडीचा घन येतो, त्यामुळे ४ ऐवजी ४.१ मिमी असेल तर उत्तर साडेसात टक्क्यांनी चुकतं. व्हर्नियर फक्त कडेला पोचतो. मधली जाडी बघायला गोल डोक्याच्या बोल्टवर फळी टेकवून वरून डायल गेज लावा.

आता खरा मुद्दा. समजा, मापं सारखीच असताना पहिली फळी २ मिमी वाकली आणि १९८ ग्रॅम भरली, दुसरी २.२ मिमी वाकली पण १७६ ग्रॅमच भरली. बहुतेक जण पहिली उचलतील. मी दुसरी घेईन. तेवढाच ताठपणा मिळवायला ती जेमतेम ३ टक्के जाड ठेवावी लागेल, तरी तबली ८ टक्के हलकी होईल. ताठपणातली कसर थोड्या जाडीने भरून निघते, लाकडाचा जडपणा मात्र जसाच्या तसा तबलीत उतरतो.

आपल्या मुंबईत एक पथ्य पाळाच. दमट हवेत लाकूड जड होतं आणि नरमही पडतं. जुलैतला आकडा जानेवारीतल्या आकड्याशी ताडू नका. दोन्ही जोड्या काही दिवस एकाच खोलीत सुट्या ठेवा, वजन बदलायचं थांबलं की एकाच बैठकीत मोजा. पावसाळ्यात डिह्युमिडिफायर नसेल तर थोडं थांबलेलं बरं.

आणि फळ्यांच्या टोकांचे फोटो टाका. वलयं उभी नसून तिरकी गेली असतील तर आडवा, म्हणजे रेषांना काटकोनातला, ताठपणा फार घसरतो, आणि तो वरच्या मापात दिसत नाही.