सहा लाखांची अंगठी आणि त्याचं गप्प बसणं

ताई, मी २८ वर्षांची, ठाण्यात राहते, नोकरी करते. दोन महिन्यांनी साखरपुडा आहे. मुंबईत बीकेसीतल्या एका परदेशी ज्वेलरच्या शोरूममध्ये मला एक सॉलिटेअर, म्हणजे एकाच हिऱ्याची, अंगठी फार आवडली. अर्ध्या कॅरेटहून थोडा मोठा हिरा, किंमत ६ लाख ४० हजार. होणारा नवरा लगेच म्हणाला, "घेऊ, पाच लाखांचं लोन काढतो." त्याच्या आईचं म्हणणं, दादरच्या त्यांच्या नेहमीच्या सराफाकडे तशीच अंगठी निम्म्याहून कमी किमतीत होईल. मी रागाच्या भरात बोलून गेले, "मग राहू दे, मला काहीच नको." तेव्हापासून तो अंगठीचा विषयच काढत नाही. त्याच्यासाठी आम्ही सोन्याची एक अंगठी घेऊन ठेवली आहे. मी हावरट आहे का? हट्ट सोडू का?

— ठाण्याची एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

हावरट अजिबात नाहीस. हौसेला मोल नसतं असं आपल्याकडे म्हणतात ते उगाच नाही. आयुष्यभर बोटात राहणारी वस्तू मनासारखी असावी असं वाटण्यात लाज कसली? तेव्हा हा प्रश्न आधी मनातून काढून टाक.

मला काळजी वाटते ती तुझ्या पत्रातल्या दुसऱ्याच एका वाक्याची. तो "परवडेल" म्हणाला नाही, "लोन काढतो" म्हणाला. जवळ पैसे नसताना माणूस प्रेमापोटी असं पटकन बोलून जातो, आणि मग रात्री एकटाच आकडे मांडत बसतो. त्याचं गप्प बसणं मला रागाचं वाटत नाही. "मला काहीच नको" हे ऐकून त्याला वाटलं असणार की आपण कमी पडलो.

ते आकडे तूही मांडून बघ. पाच लाखांचं पर्सनल लोन, १२ टक्के व्याज, तीन वर्षं: महिन्याचा हप्ता साधारण १६,६०० रुपये आणि एकूण व्याज ९८ हजारांच्या आसपास. लग्नानंतर हा हप्ता कुठून जाणार? तुमच्या दोघांच्या घरखर्चातून. म्हणजे अंगठी तो देणार आणि फेडणार तुम्ही दोघं. ऋण काढून सण करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, अंगठीसाठी तर नाहीच.

आता या ६ लाख ४० हजारांत नेमकं काय काय आहे ते बघू. हिऱ्याची प्रत वजन, रंग, स्वच्छता आणि कट, म्हणजे पैलूंची सफाई, या चार गोष्टींवर ठरते. जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू सुरतेतच पडतात, आणि त्यांच्या व्यापाराचं मोठं केंद्र, भारत डायमंड बोर्स, त्याच बीकेसीत आहे. त्यामुळे दगड म्हणून बघितलं तर परदेशी शोरूममधला हिरा आणि दादरचा हिरा एकाच प्रतीचा असू शकतो. शोरूममध्ये वरचे पैसे जातात ते नावाला, निवडीच्या काटेकोरपणाला, कोंदणाच्या सफाईला आणि नंतरच्या सेवेला. ही लबाडी आहे असं मी म्हणणार नाही. नेहमीच्या वापराच्या अंगठीत कोंदणाच्या सफाईला खरंच किंमत आहे, कारण हिरा धरून ठेवणारं धातूचं एक नख जरी सैल झालं तरी हिरा कधी पडला ते कळतसुद्धा नाही. पण उद्या अंगठी मोडायची वेळ आली तर नावाचे पैसे क्वचितच परत मिळतात. हिऱ्याची अंगठी गुंतवणूक म्हणून घेऊच नये.

म्हणून शांतपणे स्वतःला विचार, तुला नक्की काय आवडलं? तो हिरा, ती घडण, की त्या पेढीचं नाव? घडण आवडली असेल तर ती सगळीकडे मिळते. पट्टीपासून वर उचललेला, सहा नखांनी धरलेला हिरा टिफनी या अमेरिकन पेढीने १८८६मध्ये आणला आणि आज कुठलाही चांगला कारागीर तसं कोंदण करतो. नावच हवं असेल तर तेही मोकळेपणी मान्य कर. मग त्याने साठवलेल्या रकमेच्या वरचे पैसे तू तुझ्या बचतीतून घाल, नाहीतर त्याच पेढीतली लहान हिऱ्याची अंगठी बघ. मुलीच्या अंगठीचा सगळा भार मुलाकडेच, हा रिवाज दोन कमावत्या माणसांनी जसाच्या तसा पाळलाच पाहिजे असं नाही.

सासूबाईंच्या बाबतीत एवढंच सांगते की त्यांना विरोधी पक्षात बसवू नकोस. त्यांच्या पिढीतल्या बऱ्याच जणींचा साखरपुडा साडी, ओटी, साखरेचा पुडा आणि फार तर सोन्याच्या अंगठीत झाला. साखरपुड्याला हिराच हवा, ही कल्पना मुळात अमेरिकेतल्या जाहिरातींनी रुजवली. हिरा चिरंतन असतो हे प्रसिद्ध जाहिरातवाक्य डी बिअर्स या हिऱ्यांच्या कंपनीसाठी १९४७ साली लिहिलं गेलं. सहा लाख ऐकून त्या दचकल्या तर नवल नाही. एकदा त्यांच्याबरोबर दादरला जा. पण पिढ्यांचा विश्वास आहे म्हणून डोळे मिटून घेऊ नकोस. हॉलमार्क आणि दागिन्यावरचा सहा अक्षरी ओळख क्रमांक, एचयूआयडी, फक्त सोन्याची खात्री देतात, त्यात हिऱ्याचं काहीच येत नाही. हिऱ्यासाठी जीआयए किंवा आयजीआयसारख्या स्वतंत्र प्रयोगशाळेचा रिपोर्ट माग, दुकानाचा स्वतःचा कागद पुरेसा धरू नकोस. काही मोठ्या परदेशी पेढ्याही स्वतःच्याच प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र देतात, तेव्हा हा प्रश्न तिथेही विचार. रिपोर्टचा नंबर बहुतेक वेळा हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला असतो. भिंगातून तो वाचून दाखवायला सांग आणि तिथेच मोबाइलवर त्या प्रयोगशाळेच्या वेबसाइटशी ताडून बघ.

अंगठी हातात घेतलीस की दिव्यांखालून बाजूला हो, खिडकीजवळ जा. शोरूमच्या झोतात सामान्य हिराही झगमगतो. दिवसाच्या साध्या उजेडात जो जिवंत दिसतो त्याचा कट चांगला. बजेट कमी पडलं तर वजन, रंग, स्वच्छता यांत तडजोड कर, कटमध्ये नको. प्रयोगशाळेत घडवलेला हिरा पुष्कळ स्वस्त पडतो आणि नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही, फक्त तसं बिलावर स्पष्ट लिहून घे. घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी धरूनच दोन्हीकडचे आकडे ताड. परत घ्यायचे आणि बदलून द्यायचे नियमही लेखी घे.

आणखी एक गोष्ट मनाला लागली. तुझ्या अंगठीबद्दल तू इतकं लिहिलंस, त्याच्या अंगठीबद्दल एकच ओळ. ती त्याला आवडली का? त्याला कोणी विचारलं का? या शनिवारी भेटशील तेव्हा बोलायला इथूनच सुरुवात कर. मग सांग, "त्या दिवशी मी रागात बोलले. मला अंगठी हवी आहे, पण कर्ज नको. तू किती बाजूला ठेवले आहेस ते सांग, मी माझे सांगते, मग आपण मिळून ठरवू." त्याने खरा आकडा सांगितला की तोंड पाडू नकोस. तो आकडा सांगणं त्याला जड जाणार आहे.

आणि हे बोलणं फार लांबवू नकोस. अंगठी घडवून घ्यायची तर हाताशी वेळ हवा, मापात थोडीफार चूक झाली तर दुरुस्तीलाही. बोटाचं माप संध्याकाळी दे. सकाळी, त्यातून थंडीत, बोटं बारीक असतात आणि तेव्हाच्या मापाने केलेली अंगठी नंतर घट्ट होते.