सांगितल्याशिवाय हात पुढे होत नाही

प्रश्न : आमचा मुलगा अकरा वर्षांचा आहे. शब्बाथशाळेतील (चर्चच्या रविवारच्या शाळेतील) बायबलची वचने त्याला तोंडपाठ असतात आणि गेल्या नाताळात पाठांतराचे पहिले बक्षीसही त्यालाच मिळाले. परंतु सांगितल्याशिवाय तो कोणाच्या मदतीला जात नाही. आमच्याकडे चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येते. गेल्या खेपेस पहाटे पाणी आले, तेव्हा शेजारच्या विडी वळणाऱ्या आजी एका हाताने गुडघा धरत, एकेक कळशी घेऊन पायऱ्या चढत होत्या आणि हा दारात उभा राहून पाहत होता. मी ओरडले तेव्हा लगेच गेला. यजमान म्हणतात की प्रत्येक मदतीला एक चांदणी आणि दहा चांदण्यांना बक्षीस असा तक्ता भिंतीवर लावू. तसे करावे का? ख्रिस्ती विश्वासाच्या आधारे हे वळण कसे लावावे? मुलगा मनाने वाईट नाही. आषाढात गजानन महाराजांची पालखी सोलापुरात होती, तेव्हा शेजारच्या मुलांबरोबर तो घरात साठवलेल्या पाण्यातील दोन कळशा वारकऱ्यांना वाटून आला. त्यावरून त्याने माझी बोलणी खाल्ली आणि आमच्या चर्चच्या मंडळीतील एका वडीलधाऱ्यांनीही ‘हे आपले काम नव्हे’ असे त्याला सुनावले.
— एक आई, सोलापूर

उत्तर : पत्राच्या शेवटी आपण जे ओघात लिहिले आहे, तिथूनच मला उत्तराला सुरुवात करावीशी वाटते. ज्या मुलाला आपणहून काही सुचत नाही अशी आपली तक्रार आहे, त्याच मुलाने एकदा आपणहून तहानलेल्यांना पाणी दिले आणि त्याबद्दल त्याला घरात एकदा व मंडळीत एकदा ऐकून घ्यावे लागले. त्यानंतर आजींच्या पायऱ्यांपाशी तो आईच्या हुकमाची वाट पाहत थांबला असेल, तर त्याला मी आळशी म्हणणार नाही. आपल्या मनाने केले की बोलणी बसतात आणि सांगितलेले केले की बसत नाहीत, हा हिशेब मुलांना फार लवकर समजतो.

बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायातील रिबकेची गोष्ट तिच्या विवाहाची गोष्ट म्हणून सांगितली जाते, त्यामुळे तिच्या घागरीकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. अब्राहामाचा सेवक दहा उंट घेऊन संध्याकाळी गावाबाहेर पाण्याच्या ठिकाणी थांबला होता आणि त्याने तिच्याकडे मागितले होते ते घोटभर पाणी. तिने घागर उतरवून त्याला पाजले, मग उंटांनाही पाजते असे आपणहून म्हणाली, उरलेले पाणी डोणीत ओतले आणि पुन्हा पाण्याकडे धावली. तहानलेला उंट एका वेळी शंभर लिटरपर्यंत पाणी पिऊ शकतो, आणि हे दहा उंट होते. नळाच्या दिवशी कळशा वाहणाऱ्या सोलापूरच्या मुलाला या खेपा समजावून सांगाव्या लागणार नाहीत. वचन पाठ करून घेण्याऐवजी त्याला एकदा हा हिशेब करायला बसवा. एका कळशीत किती लिटर मावते ते तो आपल्याला सांगेल.

येशूच्या डोंगरावरील प्रवचनात एक कोस वेठीस धरणाऱ्याबरोबर दोन कोस जाण्यास सांगितले आहे (मत्तय ५:४१). रोमी सैनिक वाटेवरच्या माणसाला धरून ओझे वाहायला लावू शकत असे. तिथे पहिला कोस वेठीचा, आणि चालणाऱ्याच्या स्वतःच्या मनाचा असतो तो दुसरा. आपण ओरडल्यावर मुलगा गेला, तो त्याचा पहिला कोस होता आणि तो त्याने बिनतक्रार पार केला, हे विसरू नये. मात्र दर वेळी आपणच आधी ओरडलो, तर दुसऱ्या कोसापर्यंत जाण्याची वेळ त्याच्यावर कधी येणारच नाही. पुढच्या पाण्याच्या दिवशी आपण काही न बोलता आजींच्या दोन कळशा स्वतः वर नेऊन ठेवाव्यात, आणि मुलगा आला नाही तरी त्या दिवशी त्याला एका शब्दाने टोकू नये. हे वाचताना सोपे वाटते, पण पहाटे चार वाजता नळावर ते कठीण जाते, याची मला कल्पना आहे.

दारात उभे राहणाऱ्या मुलांविषयी आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात, वाटेत पडलेल्या जखमी माणसाला याजक आणि लेवी (मंदिराचा सेवक) यांनीही पाहिले होते आणि ते तसेच पुढे निघून गेले, असे शुभवर्तमानकार लूक स्पष्ट लिहितो. तेव्हा पाहणे तिघांचे सारखेच होते. परक्या पंथाचा शोमरोनी मात्र जवळ गेला, आणि जवळ गेल्यावर काय करायचे हे त्याला ठाऊक होते. त्याने तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेले आणि निघताना दोन दिवसांच्या मजुरीइतके पैसे तिथे दिले. अकरा वर्षांच्या मुलाची अडचण पुष्कळदा इथेच असते. मन कठोर नसते, पण काय बोलावे हे सुचत नाही, आणि आजी ‘राहू दे’ म्हणाल्या तर फजिती होईल असे वाटते. त्याला एक वाक्य द्या : “आजी, ही कळशी मी धरू का?” भरलेली कळशी न हिंदकळता पायरीवरून कशी न्यायची, तेही घरच्या कळशीवर शिकवा. आजींनी नको म्हटले तर हसून बाजूला व्हायचे, कारण नाही म्हणण्याचा अधिकार त्यांचा आहे.

चांदण्यांचा तक्ता लावू नये. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये वीस महिन्यांच्या बालकांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. मदत केल्यावर ज्यांना वस्तू बक्षीस मिळाली, ती बालके पुढे इतरांपेक्षा कमी मदत करू लागली. शिवाय पाठांतराचे बक्षीस आपल्या मुलाच्या गाठीशी आधीच आहे.

त्याऐवजी रात्रीच्या प्रार्थनेपूर्वी रोज एकच प्रश्न विचारावा : “आज कोण अडचणीत दिसले?” ‘आज कोणाला मदत केलीस?’ असे विचारू नये, त्याने मुले फुशारकी मारू लागतात किंवा काहीतरी रचून सांगतात. जे नाव निघेल त्यासाठी प्रार्थना करावी आणि प्रथम आईवडिलांनी आपल्या दिवसातील एक नाव सांगावे, चुकवलेली मदतही सांगावी. पुण्याच्या गाडीने जाताना दौंडनंतर केडगाव लागते, तेव्हा तिथे मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंविषयी त्याला जरूर सांगा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि तेथील निराधार मुलींना घेऊन आल्या.

राहिला पालखीचा प्रश्न. तहानलेल्याला पाणी देणे म्हणजे उपासना बदलणे नव्हे, आणि येशूने शोमरोन्याच्या दाखल्याचा नायक म्हणून नेमका परक्या पंथाचा माणूस निवडला, हे त्या वडीलधाऱ्यांनाही माहीत असणार. त्यांच्याशी वाद घालू नये. परंतु त्यांनी पुन्हा विषय काढल्यास मुलाच्या देखत, शांतपणे, ‘त्याने योग्य केले’ एवढे आपण म्हणावे. आपला राग पाण्यासाठी होता, तो मी समजू शकतो. तरीही मुलाला जवळ बसवून, त्या दिवशी मी रागावले ते चुकले, असे त्याला सांगावे. आणि पुढच्या आषाढात कोणत्या पिंपातले, किती पाणी द्यायचे, हे त्याच्याबरोबर आधीच ठरवावे. त्या आठवड्यात नळ कोणत्या दिवशी येतो, तेही पाहावे लागेल.