अठ्ठावीस खणांची पिशवी: जुन्या गेमकडे परतणाऱ्यांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांचा सूर एकच आहे: नवे, चकचकीत ऑनलाइन गेम खेळून झाले, आता शाळा-कॉलेजात खेळलेला जुना गेम पुन्हा हातात घ्यावासा वाटतोय. बहुतेकांचा जुना गेम रूनस्केप आहे, म्हणून उत्तरांचा भर त्यावरच दिला आहे. एक पत्र वॉरक्राफ्टचं आहे.

प्रश्न: २००७ साली वाशीत सेक्टर १७ च्या सायबर कॅफेत रूनस्केप खेळायचो. चांगलं ऐंशी लेव्हलच्या पुढचं कॅरेक्टर होतं. परवा फोनवर ओल्ड स्कूल रूनस्केप उतरवून घेतला, जुनंच लॉगिन टाकलं, तर पठ्ठ्या थेट ट्युटोरियल आयलंडवर उभा, सगळं शून्य. माझं कॅरेक्टर पुसलं गेलं का?
— एक वाचक, वाशी

उत्तर: पुसलेलं नाही. तुम्ही त्याला शोधताय चुकीच्या घरात. मूळ रूनस्केप जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्याची लढाईची पद्धत मुळापासून बदलली आणि जुने खेळाडू फार नाराज झाले. मग जॅजेक्स कंपनीने फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑगस्ट २००७ च्या बॅकअपवरून गेमची एक वेगळी प्रत सुरू केली. तीच ओल्ड स्कूल. बॅकअप गेमचा वापरला, खेळाडूंच्या लेव्हलचा नाही. त्यामुळे तिथे प्रत्येकाने शून्यापासूनच सुरुवात केली. तुमचं जुनं कॅरेक्टर मूळ गेममध्ये, म्हणजे आजच्या रूनस्केप ३ मध्ये आहे. त्याच लॉगिनने तिथे जाऊन बघा. मात्र तिथल्या लेव्हल किंवा वस्तू ओल्ड स्कूलमध्ये आणता येत नाहीत.

सायबर कॅफेत हा गेम ब्राउझरमध्ये जावावर चालायचा. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये तसले प्लगइन बंद केले. आता कॉम्प्युटरवर जॅजेक्स लाँचर किंवा स्टीम लागतं. 'ब्राउझरमध्येच खेळा' म्हणणारी साइट दिसली तर तिथे पासवर्ड टाकू नका.

आणखी एक काम आजच करा. जुन्या लॉगिनला जोडलेला ईमेल अजून उघडतो का ते बघा. उघडत नसेल तर आधी तो बदला, मग खातं जॅजेक्स अकाउंटमध्ये रूपांतरित करा. हे रूपांतर उलटं फिरवता येत नाही. दोन पायऱ्यांचं लॉगिन चालू केल्यावर बॅकअप कोड मिळतात, ते कागदावर लिहून ठेवा. फोन बदलताना लोक नेमके इथेच अडकतात.

प्रश्न: गेली चार-पाच वर्षं ॲक्शन गेमच खेळतोय. डॉज, कॉम्बो सगळं हाताच्या सवयीचं. ओल्ड स्कूलमध्ये मात्र क्लिक केलं तरी काही घडतच नाही असं वाटतं. भराभर लॉबस्टर खातो तरी मरतो. घरी १०० एमबीपीएसचं फायबर आहे. दोष पिंगचा की माझा?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर: दोष दोघांचाही नाही, गेमचं घड्याळ वेगळं आहे. ओल्ड स्कूलचा सर्व्हर ०.६ सेकंदाला एकदाच सगळ्यांचा हिशोब करतो. त्याला खेळाडू टिक म्हणतात. दोन टिकच्या मधे तुम्ही दहा वेळा क्लिक केलं तरी उत्तर पुढच्या टिकलाच मिळतं. चालताना एका टिकला एक चौकोन, धावताना दोन. सिमिटर (वाकडी तलवार) चार टिकला एकदा, म्हणजे २.४ सेकंदांनी वार करते. दोन हातांची तलवार सात टिकला, ४.२ सेकंदांनी.

आता लॉबस्टरचं बघा. एक लॉबस्टर १२ हिटपॉइंट (जीवाचे गुण) भरतो आणि एक खाल्ल्यावर दुसरा खायला तीन टिक, १.८ सेकंद थांबावं लागतं. तेवढाच तुमचा पुढचा वारही मागे जातो. म्हणून चार हिटपॉइंट उरल्यावर भराभर क्लिक करून उपयोग नसतो. समोरचा राक्षस एका वारात जास्तीत जास्त किती नेतो ते लक्षात ठेवा आणि तेवढ्यावर उतरायच्या आधी एक खा. घाईने तीन खाल्ले तर तेवढा वेळ तुमची तलवार थांबलेली असते आणि त्याची चालू असते.

इथे डॉज, म्हणजे उडी मारून वार चुकवणं, नाही. त्याच्या जागी प्रार्थना आहे: लेव्हल ३७ ला जादूपासून, ४० ला बाणांपासून, ४३ ला जवळच्या वारांपासून संरक्षण. साध्या राक्षसांचा त्या प्रकारचा मार ती पूर्ण अडवते. म्हणून ॲक्शन गेमवरून आलेल्यांनी प्रेअरची (प्रार्थनेची) लेव्हल ४३ लवकर गाठावी असं आम्ही आग्रहाने सांगू.

आता पिंग, म्हणजे तुमचा संदेश सर्व्हरला जाऊन परत यायला लागणारा वेळ. १०० एमबीपीएस म्हणजे रस्ता रुंद झाला, अंतर तेवढंच राहिलं. ठाणे-बेलापूर रोड कितीही रुंद केला तरी बेलापूर जवळ येत नाही. मुंबई ते लंडन सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे नुसतं जाऊन यायलाच ७२ मिलिसेकंद लागतात आणि केबल वळसे घेत येते, म्हणून ब्रिटनच्या वर्ल्डवर (गेमच्या सर्व्हरवर) शंभराच्या वरचा पिंग दिसला तर नवल नाही. नेमबाजीच्या गेममध्ये एवढा पिंग जीव घेतो. ६०० मिलिसेकंदांच्या टिकमध्ये तो सहज सामावतो. नवी मुंबईत बसून लांबच्या सर्व्हरवर निवांत खेळायचं तर जुने गेम खरोखर जास्त सोयीचे आहेत. त्रास होतो तो पिंग मोठा असल्याने नाही, तर वर-खाली झाल्याने: १३० चा मधेच ७०० झाला की तुमची प्रार्थना एक टिक उशिरा लागते. हे बहुतेकदा घरातल्या वायफायमुळे होतं. राउटर हॉलमध्ये आणि तुम्ही दोन भिंतींपलीकडे असाल तर लॅन केबल टाका. रूनलाइट (गेम चालवायचं वेगळं, परवानगी असलेलं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर त्याच्या वर्ल्ड हॉपरमध्ये प्रत्येक वर्ल्डचा पिंग दिसतो. तो बघून वर्ल्ड निवडा.

पण हाताच्या वेगापेक्षा मोठी सवय दुसरीच मोडावी लागेल. नव्या गेममध्ये नकाशावरच्या बाणामागे धावायचं, काय लागेल ते वाटेत मिळतं. इथे खेळ गेममधल्या बँकेच्या दारात सुरू होतो, जिथे तुमचं सामान ठेवलेलं असतं. पिशवीला २८ खण. काय घ्यायचं आणि काय ठेवायचं ते निघण्याआधी ठरवायचं.

उदाहरण म्हणून वॉटरफॉल क्वेस्ट ही मोहीम घ्या. पैसे भरणाऱ्या मेंबरसाठी आहे, कुठलीही लेव्हल लागत नाही, आणि अटॅक व स्ट्रेंग्थ या दोन्ही कौशल्यांत १३,७५० एक्सपी (अनुभवाचे गुण) मिळतात. म्हणजे लेव्हल १ वरून दोन्ही थेट ३० ला. परत येणाऱ्याला इतकी फायद्याची सुरुवात क्वचित मिळते. आणि बहुतेक जण ती पिशवीमुळे वाया घालवतात. या मोहिमेतल्या ग्लॅरियल राणीच्या थडग्यात शस्त्र, चिलखत किंवा रून (मंत्रांसाठीचे दगड) घेऊन जाता येत नाही. दार उघडतच नाही. मात्र शेवटच्या खोलीत हवा, पाणी आणि माती यांचे प्रत्येकी सहा रून लागतात. म्हणून सामान एकदाच भरून चालत नाही. पहिल्या फेरीला फक्त खाणं आणि थडगं उघडणारा खडा. आतून ताईत आणि अस्थिकलश घ्या. तिथले मॉस जायंट तुमच्याहून फार मोठे आहेत, लढू नका, पळत सुटा. मग बँक. दुसऱ्या फेरीला दोर, अठरा रून (तीनच खण जातात, एका जातीचे रून एकात बसतात), ताईत, कलश आणि उरलेल्या खणांत खाणं. धबधब्याच्या दारात शिरण्याआधी ताईत गळ्यात घाला, नाहीतर पाणी तुम्हाला खाली वाहून नेतं. आत ८६ लेव्हलचे फायर जायंट आहेत. इथेही थांबायचं नाही. सहा खांबांवर तिन्ही जातींचा एकेक रून ठेवा, ताईत पुतळ्यावर वापरा, आणि शेवटी कलश चषकावर वापरा. चषकावर सरळ क्लिक केलं की खोलीत पाणी भरतं आणि तुम्ही बाहेर फेकले जाता. शेवटच्या क्षणी ही चूक होते, कारण नव्या गेमने 'चमकतंय ते उचल' असं शिकवलेलं असतं.

प्रश्न: ठाणे ते वाशी लोकलने रोज जाते. फोनवर अर्धा तास खेळता येईल का? गाडीत नेटवर्क मधेच जातं.
— एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर: येईल. ऑक्टोबर २०१८ पासून फोन आणि कॉम्प्युटरवर एकच कॅरेक्टर चालतं. लोकलमध्ये फक्त लढाई करू नका. लढाई संपल्यावरही दहा सेकंद लॉगआउट होता येत नाही, आणि नेटवर्क गेलं तर तुमचं कॅरेक्टर मार खात तिथेच उभं राहतं. २००७ मध्ये मेल्यावर सामान जमिनीवर पडायचं. आता थडगं उभं राहतं आणि १५ मिनिटांत परत जाऊन सामान घेता येतं. पण वाइल्डरनेसमध्ये दुसऱ्या खेळाडूने मारलं तर हा दिलासा नाही. तिथे गाडीतून जाऊच नका.

स्वयंपाक मात्र लोकलसाठीच केलाय जणू. एक मासा शिजायला चार टिक, म्हणजे २८ कच्चे लॉबस्टर सुमारे ६७ सेकंदांत होतात. गेममधल्या अल खरीद गावात बँकेजवळच चूल आहे आणि फुकट खेळणाऱ्यालाही ती चालते. रबाळ्याला पिशवी भरून चुलीवर टाका, घणसोली येईपर्यंत शिजलेले असतील. दर लॉबस्टरमागे १२० एक्सपी. कुकिंगची लेव्हल ४० लागते आणि ७४ होईपर्यंत काही जळतातच, त्याला इलाज नाही. कनेक्शन तुटलं तरी नुकसान होत नाही, उरलेले पिशवीतच राहतात.

प्रश्न: घोडबंदर रोडला राहतो. पावसाळ्यात वीज गेली की लॅपटॉप चालू राहतो, नेट जातं. मोठा इन्व्हर्टर घ्यावा का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: नको. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस पुरतो. राउटरच्या ॲडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात, बहुतेकदा १२ व्होल्ट. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही जोडणी द्या. सोसायटीच्या जिन्यातल्या स्विचला बॅकअप नसेल तर घरातला यूपीएस कामाचा नाही. हे आधी केबलवाल्याला विचारून मगच पैसे घाला. नाहीतर मोबाइलचा हॉटस्पॉट आहेच, हा गेम डेटा फार कमी खातो.

प्रश्न: ऑफिसमुळे रोज तासच मिळतो. एक जण यूपीआयवर पैसे घेऊन गेममधली नाणी देतो म्हणतो. दुसरा म्हणतो ऑटोक्लिकर लाव. कुठलं बरं?
— एक वाचक, खारघर

उत्तर: दोन्ही नकोत, दोन्हींमुळे खातं बंद होतं. मोबाइलवरच्या नव्या गेममध्ये ऑटो बटण असतं, म्हणून ऑटोक्लिकर साधा वाटतो. इथे तो सरळ नियमभंग आहे. रूनलाइटला परवानगी आहे, पण तो फक्त त्याच्या अधिकृत साइटवरून घ्या. सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातींत नकली रूनलाइट असू शकतो आणि तो पासवर्ड उचलतो. पैसे घालायचेच असतील तर बाँड हा अधिकृत मार्ग आहे. तो विकत घेऊन गेममधल्या ग्रँड एक्स्चेंज या बाजारात नाण्यांना विकता येतो, किंवा नाण्यांनी घेऊन १४ दिवसांची मेंबरशिप करता येते. बँकेला चार आकडी पिन लावा, जन्मसाल नको. आणि 'नाणी दे, दुप्पट करून देतो' म्हणणारा पहिल्या छोट्या रकमेला खरंच दुप्पट देतो. मोठी रक्कम घेऊन जाण्यासाठीच.

एका तासात काय होईल याचा अंदाज असावा. ९९ लेव्हलला १,३०,३४,४३१ एक्सपी लागतात आणि त्यातले निम्मे ९२ ला होतात. म्हणून ९९ चा ध्यास नको. ७० ला ७,३७,६२७ एक्सपी पुरतात आणि तिथवर बरंचसं उघडतं.

प्रश्न: वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिकमध्ये प्रीस्ट घेतलाय. दोन राक्षस मारले की माना संपतो. नव्या वॉरक्राफ्टमध्ये असं होत नव्हतं.
— एक वाचक, नेरुळ

उत्तर: क्लासिकमध्ये मंत्रावर माना (मंत्रांना लागणारी शक्ती) खर्च केला की पुढचे पाच सेकंद स्पिरिट या गुणामुळे होणारी त्याची भरपाई थांबते. तुम्ही दर दोन-तीन सेकंदांनी मंत्र टाकत असाल तर ती सुरूच होत नाही. सुरुवातीला दोन-तीन मंत्र टाका, मग वाँड (जादूची कांडी) चालवा. वाँडला माना लागत नाही आणि तेवढ्यात पाच सेकंद उलटतात. गावातून निघताना पिण्याचं पाणी भरून न्या. मेल्यावर भूत होऊन प्रेताकडे चालत जा. थडग्याजवळच्या देवदूताकडून लगेच उठलात तर सामानाची २५ टक्के टिकाऊ शक्ती जाते.

प्रश्न: कोपरखैरण्याचे आम्ही चौघे शाळासोबती. आता एक पुण्यात, एक दुबईत. चौघांनी नव्याने सुरुवात करायची तर कशी? एक जण फार पुढे निघून जातो आणि बाकीचे सोडून देतात.
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर: ओल्ड स्कूलचा ग्रुप आयर्नमॅन प्रकार नेमका यासाठी आहे. २०२१ मध्ये आला, दोन ते पाच जणांचा गट करता येतो. गटाबाहेर कुणाशी देवाणघेवाण नाही, ग्रँड एक्स्चेंज बंद. त्यामुळे एकाने पकडलेला मासा दुसऱ्याच्या जेवणात लागतो आणि जो हळू खेळतो त्याचीही गरज राहते. कामं पहिल्याच दिवशी वाटून घ्या: एकाकडे मासेमारी-स्वयंपाक, एकाकडे खाण-लोहारकाम, एकाकडे रून, एकाकडे झाडं आणि धनुष्यं. ज्याला सगळ्यात कमी वेळ मिळतो त्याला मासेमारी द्या, ती कशीही अर्धवट सोडता येते.

भेटायचा वार मात्र बुधवार ठेवू नका. त्या दिवशी साप्ताहिक अपडेट असतो आणि आपल्याकडच्या दुपारनंतर गेम काही वेळ बंद राहतो. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, म्हणून शनिवारी आपले रात्रीचे साडेदहा म्हणजे तिथले नऊ. चौघांनाही जेवून बसता येईल.